नेरूळ ते रत्नागिरी ई-सायकलवर: बॅटरी कोणती आणि किती, एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

नेरूळला राहणारे एक गृहस्थ. वय ५१, वजन ७८ किलो. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या ई-सायकलवरून ते रोज वाशीला कामावर जातात. मागच्या चाकात २५० वॅटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसवलेली), ३६ व्होल्टचा कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला बेतून देणारी पेटी) आणि खालच्या दांड्यावर किल्लीने अडकणारी ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी. सायकल बॅटरीसकट २२ किलो. डिसेंबरात पाच दिवसांत किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठायची, मुक्काम घरगुती खोल्यांत, सामान १२ किलो, मागून गाडी येणार नाही. अशा प्रवासाला बॅटरी कोणती घ्यायची, हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला.

बाजारात चौकशी केल्यावर त्यांच्यापुढे तीन पर्याय आले. पहिला, ४८ व्होल्ट १८ अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, मागच्या कॅरिअरवर बसणारी. विकणाऱ्याचं म्हणणं, "काका, शंभर किलोमीटर डोळे मिटून जाल." दुसरा, ३६ व्होल्ट २० अँपिअर-अवरची एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची लिथियम) बॅटरी. तिसरा, ३६ व्होल्टचीच पण १५ अँपिअर-अवरची नवी घ्यायची आणि जुनी जोडीला ठेवायची.

शंभर किलोमीटर हा आकडा आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. कोणाचं वजन, कोणता रस्ता, किती वेग, पायडल मारून की नुसत्या थ्रॉटलवर, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. बॅटरी मोजायची ती वॅट-अवरमध्ये, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. जुनीचे होतात २८१, पहिल्या पर्यायाचे ८६४, दुसऱ्याचे ७२० आणि तिसऱ्यातल्या नव्या बॅटरीचे ५४०.

जुनी बॅटरी किती उरली आहे

लेबलवर ७.८ असलं तरी तीन वर्षांनी ते खरं नसतं. लॅमिंग्टन रोडला मिळतो तसा एक छोटा वॅटमीटर बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये जोडला. पूर्ण चार्ज करून, बॅटरी स्वतः बंद पडेपर्यंत सायकल चालवली. मीटरवर आकडा आला ५.९ अँपिअर-अवर, म्हणजे मूळच्या ७६ टक्के, साधारण २१२ वॅट-अवर. रोजच्या नेरूळ-वाशीला हे भरपूर आहे, म्हणून घरात कोणाला काही जाणवलंच नव्हतं.

एका किलोमीटरला किती खर्च

हे मोजल्याशिवाय बॅटरी घेणं म्हणजे गाडीचं ॲव्हरेज माहीत नसताना पेट्रोलची टाकी निवडणं. कॅरिअरवर पाण्याचे कॅन बांधून १२ किलो भार केला, म्हणजे सगळं मिळून ११२ किलो. पहाटे पाम बीच रोडवर जाऊन-येऊन फेऱ्या मारल्या. जाऊन-येऊन अशासाठी की एका दिशेला लागलेला वारा दुसऱ्या दिशेला फिटतो.

ताशी २० च्या वेगाने, हलकं पायडल मारत, किलोमीटरला ५ वॅट-अवर लागले. वेग २५ च्या जवळ नेला, पायडल तेवढंच, तर ८. पायडल बंद, फक्त थ्रॉटल, तर साडेदहा. रस्ता तोच, माणूस तोच, बॅटरी तीच, आणि खर्च दुपटीहून जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शेवटचे पाच किलोमीटर प्रतितास फार महाग पडतात. लांब पल्ल्याला निघणाऱ्याने डिस्प्लेवर वेगाची मर्यादा २० ला बांधून ठेवली, तर एक पैसा न घालता बॅटरी दीडपट झाल्यासारखी होते.

मग चढ. बेलापूरच्या पारसिक टेकडीवर अडीच किलोमीटरमध्ये १२० मीटर चढायला ३६ वॅट-अवर गेले. त्यातून सपाटीचा खर्च वजा केला तर दर १०० मीटर उंचीला साधारण २० पडतात. कोकणातले चढ याहून उभे आहेत, आणि हब मोटर ताशी १२ किलोमीटरच्या खाली आली की निम्मी वीज गुंडाळी तापवण्यातच घालवते. म्हणून आम्ही १०० मीटरला २५ धरले. सपाटीलाही खराब रस्ता आणि वाऱ्यासाठी एक वाढवून किलोमीटरला ६ धरले.

हिशेब असा झाला: किलोमीटर गुणिले ६, अधिक चढाचे दर १०० मीटर गुणिले २५. उतारावर काही परत मिळत नाही. गिअरवाल्या हब मोटरमध्ये चाक पुढे मोकळं फिरतं, मोटर फिरतच नाही, म्हणून ब्रेक मारून वीज परत मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

रस्ता, आणि त्यातला चौथा दिवस

पहिला दिवस नेरूळहून उरण, करंजाहून लाँचने रेवस, मग अलिबाग आणि रेवदंडा: सुमारे ७० किमी, चढ किरकोळ. पेण-वडखळचा हायवे टाळला, तो बॅटरीसाठी नव्हे, जिवासाठी. दुसरा दिवस काशीद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीने दिघी, मुक्काम दिवेआगर. तिसरा श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेसवी, मुक्काम केळशी. चौथा आंजर्ले, हर्णे, दापोली, दाभोळ, फेरीने धोपावे आणि गुहागर. पाचवा तवसाळहून फेरीने जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवली, कारण दुपारनंतर किनाऱ्यावर वायव्येचा वारा असतो आणि तो पाठीला येतो.

मोबाइलच्या नकाशावर मोजलेलं अंतर आणि चढ सूत्रात घातले. पहिला दिवस ४८०, दुसरा ४७५, तिसरा ६२०, चौथा ७८५, पाचवा ७३० वॅट-अवर. नकाशावरची चढाची बेरीज पाच-दहा टक्के इकडेतिकडे असते, तेवढं गृहीत धरायचं.

चौथ्या दिवशी ८५ किमी आणि सुमारे ११०० मीटर चढ आहे. किनाऱ्याचा रस्ता म्हटला की लोक सपाट समजतात. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढतो. हर्ण्याहून दापोलीला वर यायचं, दाभोळला पार समुद्राच्या पातळीला उतरायचं, धोपाव्याहून पुन्हा वर. दापोलीची उंची एकदाच मिळवून भागत नाही.

पण बॅटरीचं माप पूर्ण दिवसावरूनही ठरवायचं नाही. दोन प्लगांच्या मधला जो सर्वांत जड टप्पा, त्यावरून ठरवायचं. केळशी ते दापोली ३८ किमी आणि साडेचारशे मीटर: ३४० वॅट-अवर. दापोलीला जेवण आणि प्लग. दापोली ते गुहागर ४७ किमी आणि साडेसहाशे मीटर: ४४४ वॅट-अवर. म्हणजे आपल्याला हवी ती बॅटरी ७८५ ची नाही. सकाळी भरलेली, दुपारी दोन तास प्लगला लागलेली आणि संध्याकाळी गुहागरला पोचवणारी, अशी हवी.

तीन पर्याय तपासून पाहिले

लेबलवरचे सगळे वॅट-अवर वापरायला मिळत नाहीत. तळाचे काही बीएमएस (बॅटरीच्या आतला, सेलची राखण करणारा सर्किट-बोर्ड) आणि कंट्रोलर देत नाहीत, आणि थोडे राखीव ठेवायलाच हवेत. ८५ टक्के धरावेत.

पहिला पर्याय, एलएफपी. ८६४ चे ८५ टक्के ७३४. एवढी मोठी बॅटरीसुद्धा चौथा दिवस एका चार्जवर काढत नाही. वजन पेटीसकट आठ किलो. ते आठ किलो ११०० मीटर वर न्यायलाच बॅटरीतले ३४ वॅट-अवर जातात. कॅरिअरवर एवढं वजन उंचावर आलं की उतारावर सायकल डुलते, आणि कॅरिअरचे पाच मिलिमीटरचे बोल्ट धक्क्यांनी सैल होतात.

मोठी अडचण मात्र व्होल्टची. ३६ व्होल्टच्या कंट्रोलरला ४८ व्होल्ट लावता येत नाहीत, म्हणजे कंट्रोलर आणि डिस्प्ले नवे. शिवाय त्याच मोटरला ४८ व्होल्ट दिले की ती एक तृतीयांश जास्त वेगाने फिरते. मोटर २५० वॅटच्या आत आणि मोटरवरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. ती मर्यादा ओलांडली की ती मोटार वाहन ठरते. अपघात झाला तर हा मुद्दा फार महागात जातो.

एलएफपी वाईट आहे असं मात्र नाही. ती एनएमसीपेक्षा कितीतरी जास्त चार्जिंग सोसते आणि तापून पेटण्याचा धोका तिला खूप कमी. रोज नेरूळ-वाशी करायला मुळातच ४८ व्होल्टची सायकल असती तर आम्ही तीच सुचवली असती. इथे वजन सायकलवर पडतं आणि घाट चढायचा आहे, म्हणून ती बसत नाही.

दुसरा पर्याय, २० अँपिअर-अवर एनएमसी. २१७०० मापाचे (२१ मिमी जाड, ७० मिमी लांब) ५ अँपिअर-अवरचे ४० सेल, वजन चार किलोच्या आसपास, वापरायला ६१२ वॅट-अवर. दापोलीपर्यंत ३४० गेले, २७२ उरले, दोन तासांत २८८ भरले, ५६० झाले, लागणार ४४४. आरामात. ज्याच्याकडे जुनी बॅटरी नाही त्याने हीच घ्यावी. पण ती या सायकलच्या फ्रेमच्या त्रिकोणात बसत नव्हती, पुन्हा कॅरिअर आला. आणि बॅटरी एकच असेल तर तिच्यात काही बिघडल्यावर केळशी-आंजर्ल्याच्या मधे २२ किलोची सायकल पायाने ओढत न्यावी लागते.

तिसरा, १५ अँपिअर-अवर: तेच सेल, १० ओळीत आणि ३ समांतर, म्हणजे ३० सेल. वजन तीन किलो, वापरायला ४५९. नुसत्या हिच्यावर दुपारी ११९ उरतात, २८८ भरून ४०७ होतात, लागणार ४४४. थोडक्यात कमी पडते. तिथे जुनी बॅटरी कामाला येते: २१२ चे ८५ टक्के १८०. आणि एक बंद पडली तरी दुसरीवर पुढचं गाव गाठता येतं. हा पर्याय ठरला.

चार्जर म्हणजे अर्धी बॅटरी

वरच्या हिशेबात दुपारचे २८८ वॅट-अवर सहज लिहिले गेले, पण ते ४ अँपिअरच्या चार्जरचे आहेत. सायकलबरोबर आलेला चार्जर २ अँपिअरचा होता. त्याने दोन तासांत १४४ च येतात. १४४ चा फरक म्हणजे सपाटीवरचे २४ किमी. तेवढ्याच वॅट-अवरसाठी बॅटरी वाढवली असती तर पाऊण-एक किलो वजन आणि बरेच पैसे गेले असते. मोठ्या चार्जरने चार-पाचशे ग्रॅममध्ये काम झालं, आणि तेही रोज.

१५ अँपिअर-अवरला ४ अँपिअर म्हणजे क्षमतेच्या पावपट प्रवाह, सेलना अजिबात जाच नाही. जुन्या थकलेल्या बॅटरीला मात्र तिचाच २ अँपिअरचा चार्जर ठेवला. दोन चार्जर आणि एक चांगल्या तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड सामानात गेला.

चार्जर घेताना दोन गोष्टी. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं हवं, कारण खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज बरंच खाली जातं. आणि आउटपुट नेमकं ४२.० व्होल्ट हवं, मल्टिमीटर लावून बघायचं. प्लग बसतो म्हणून ४८ व्होल्टच्या बॅटरीचा ५४.६ चा चार्जर यात खुपसणं हे आग लावण्याचं काम आहे. दोन्ही चार्जरवर रंगीत टेप गुंडाळून बॅटरीवरही तोच रंग लावला.

आणखी एक खुबी. बॅटरी ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की चार्जर प्रवाह कमी करत जातो. म्हणून जेवणाच्या थांब्याला बॅटरी जितकी रिकामी येईल तितकं चार्जिंग फलदायी. सकाळी नवी बॅटरी वापरून दापोलीला तिला खाली आणायचं, जुनी भरलेली तशीच ठेवायची, हा क्रम त्यावरून ठरला.

बॅटरी बनवून घेताना

तयार ब्रँडेड बॅटरी त्रिकोणात बसेना, म्हणून बांधून घेतली. बांधणाऱ्याला आधीच लिहून दिलेल्या अटी अशा:

- सेल नवे, एकाच बॅचचे, बिलावर कंपनी आणि मॉडेलसकट.
- सेल प्लास्टिकच्या होल्डरमध्ये, नुसते गरम गोंदाने चिकटवलेले नकोत.
- प्रत्येक सेलच्या धन टोकाला बार्ली पेपरची (वीज अडवणाऱ्या जाड कागदाची) चकती.
- पट्टी शुद्ध निकेलची. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी खाऱ्या हवेत गंजते आणि तापते. तुकडा घेऊन कानशीने ओरखडा काढायचा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा, लोखंड असेल तर सकाळी तांबडं दिसतं.
- बीएमएस १० सेलचा, २० अँपिअरचा, तापमानाच्या सेन्सरसकट, आणि तो सेन्सर पॅकच्या मधल्या सेलना टेकलेला.
- बाहेर पडणाऱ्या तारा रबरी ग्रॉमेटमधून (भोकाच्या कडेने तार कापू नये म्हणून बसवलेली कडी).

सेलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक बघून घ्यावा. खूण असली म्हणजे बांधणी चांगली, असं नव्हे. सेल उत्तम आणि स्पॉट वेल्डिंग कच्चं, असेही पॅक येतात.

पहिला पॅक आला तो दिसायला देखणा होता. तपासणी अगदी घरगुती: बॅटरी पूर्ण रिकामी करायची, चार्जर आणि भिंतीच्या मधे युनिट मोजणारा छोटा प्लगमीटर लावायचा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत भरायची. चार्जर साधारण १४ टक्के वीज उष्णतेत घालवतो. म्हणजे ५४० वॅट-अवरच्या बॅटरीला भिंतीतून ०.६३ युनिट जायला हवं. मीटर थांबला ०.५२ वर. उलटा हिशेब केला तर आत जेमतेम साडेचारशे, म्हणजे साडेबारा अँपिअर-अवर.

बांधणाऱ्याचं उत्तर, "काका, चार-पाच चार्जिंग झाली की वाढेल." लिथियममध्ये असं काही वाढत नसतं. पहिल्या दिवशी जी क्षमता असते तीच जास्तीत जास्त. ५ च्या ऐवजी कमी क्षमतेचे किंवा आधी वापरलेले सेल भरले की असंच दिसतं, बाहेरून काही कळत नाही. पॅक परत केला. दुसरा आला तो ०.६२ वर थांबला, वॅटमीटरवर १४.७ अँपिअर-अवर. तो ठेवला. हा सगळा खटाटोप निघण्याच्या तीन आठवडे आधी झाला म्हणून निभावलं. आदल्या आठवड्यात बॅटरी घेणाऱ्याला मोजायलाही वेळ नसतो आणि परत करायलाही.

दोन बॅटऱ्यांची जोडणी

दोन्ही एकत्र समांतर जोडायचा मोह सगळ्यांना होतो. एक भरलेली ४२ व्होल्टवर, दुसरी उतरलेली ३६ वर. मधे फक्त तारांचा आणि सेलचा ०.१५ ते ०.२ ओहमचा विरोध. जोडताक्षणी ३० ते ४० अँपिअर एकीतून दुसरीत धावतात. थकलेल्या बॅटरीला हा मार झेपत नाही.

म्हणून एका वेळी एकच. कंट्रोलरच्या तारेला एक्सटी-६० कनेक्टर लावला, दोन्ही बॅटऱ्यांना त्याचाच जोड. जुनी तिच्या जागी दांड्यावर, नवी त्रिकोणातल्या शिवलेल्या पिशवीत, खाली सहा मिलिमीटर फोमची पट्टी आणि दोन वेल्क्रो पट्टे. बॅटरीच्या बाजूला नेहमी भोकांचा भाग, टोचे उघडे असलेला भाग कंट्रोलरच्या बाजूला. उलटं केलं तर उघड्या टोच्यांवर सतत ४२ व्होल्ट राहतात आणि सामानातली एखादी चावी त्यांना टेकली की संपलं. बदलताना डिस्प्ले बंद, मग एक काढायची, दुसरी लावायची. जोडताना बारीक ठिणगी उडते ती कंट्रोलरमधल्या कपॅसिटरची, तिने घाबरायचं कारण नाही.

रस्त्यावर काय झालं

पहिले दोन दिवस अंदाजाच्या आत गेले. तिसऱ्या दिवशी वेसवीहून वर येताना चढावर सायकल अचानक मेली, आणि डिस्प्लेवर पाचपैकी दोन दांड्या दिसत होत्या. जुनी बॅटरी लावलेली होती. जुन्या सेलचा आतला विरोध वाढलेला असतो. चढावर मोटरने १४-१५ अँपिअर ओढले की व्होल्ट तेवढ्यापुरते कोसळतात, ३१ च्या खाली गेले की कंट्रोलर पुरवठा तोडतो. थांबलं की व्होल्ट पुन्हा वर येतात, दांड्या पुन्हा दिसतात, आणि माणूस चक्रावतो. बॅटरी खराब झालेली नव्हती, चुकीच्या जागी वापरली होती. तिथून पुढे नियम केला: चढ नव्या बॅटरीवर, सपाटी जुनीवर.

दांड्यांवर विश्वास ठेवू नये. चढ संपल्यावर मिनिटभर थांबून व्होल्ट वाचावेत. १० सेलच्या एनएमसी बॅटरीत ४० व्होल्टला चार पंचमांश शिल्लक, ३८ ला निम्म्याहून थोडी जास्त, ३७ ला चाळीस टक्के, ३६ ला वीस, ३५ ला दहा. ३७ च्या खाली ती झपाट्याने उतरते. हा तक्ता हँडलवर चिकटवून ठेवला होता.

चौथा दिवस. केळशी ते दापोली ३५२ वॅट-अवर, अंदाज होता ३४०. दापोलीला खानावळीत विचारल्यावर "लावा की पडवीत" एवढंच उत्तर. लोकांना वाटतं सायकलीची बॅटरी म्हणजे बिल भरमसाट येणार, म्हणून आधीच सांगावं: २०० वॅटच्या आत ओढते, मिक्सरपेक्षा कमी, आणि जेवणाच्या वेळात पाव युनिटाच्या थोडं वर जातं. पोचल्याबरोबर मात्र प्लग लावला नाही. चढून आलेली बॅटरी हाताला चांगली गरम लागत होती. सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करायचे नसतात, म्हणून पिशवीतून काढून सावलीत फरशीवर अर्धा तास ठेवली. नंतर पावणेदोन तासांच्या आसपास चार्जिंग मिळालं, २५९ वॅट-अवर.

दापोली ते गुहागर ४७१ लागले, अंदाजापेक्षा २७ जास्त. धोपाव्याचा चढ नव्या बॅटरीने काढला. गुहागर बारा किमी राहिलं तेव्हा ती ३५ व्होल्टवर आली, तिथे जुनी लावली. तिचे ७६ वॅट-अवर खर्चून मुक्काम गाठला. जुनी बॅटरी नसती तर ते बारा किलोमीटर २५० वॅटच्या मदतीविना, ३५ किलो सायकल-सामानासकट काढावे लागले असते. अशक्य नाही, पण ११०० मीटर चढून झाल्यावर ते कोणाला हवं असतं?

खारी हवा आणि रात्रीचं चार्जिंग

तीन फेरीबोटी झाल्यावर दांड्यावरच्या जुन्या बॅटरीच्या पितळी टोच्यांवर हिरवट थर धरला होता. समुद्राचे तुषार आणि दमट हवा. टोकं कोरड्या फडक्याने पुसून, कनेक्टरला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला की हे होत नाही. पाण्याचा फवारा मारून सायकल धुवायची नाही, ओलं फडकं पुरतं. पावसाळ्यात हाच प्रवास करणाऱ्याने शिवलेली पिशवी विसरावी आणि आयपी-६७ दर्जाची (धूळ आणि पाणी आत न शिरू देणारी) बंद पेटीच घ्यावी.

रात्री चार्जिंग नेहमी जमिनीवर, फरशीवर. गादीवर नाही, पडद्याजवळ नाही, आणि खोलीच्या दारात तर नाहीच, कारण काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. नेरूळच्या इमारतीतही जिन्यात किंवा पॅसेजमध्ये बॅटरी लावू नये, कारण तेच. पेटलेली लिथियम बॅटरी वाळू टाकून विझत नाही, तिला भरपूर पाण्याने थंड करावं लागतं. मुक्कामाला पोचल्यावर आंघोळ-जेवण होईपर्यंत प्लग लावायचा आणि झोपण्याआधी काढायचा, चार अँपिअरचा चार्जर असल्याने ते जमलं. दोनदा मात्र हिरवा दिवा लागल्यावरही तासभर जास्त ठेवलं, कारण बीएमएस सगळे सेल एका पातळीला आणतो ते अगदी शेवटी, तेही फार बारीक प्रवाहाने.

रत्नागिरीहून सायकल टेम्पोने परत आली. त्या वेळी नवी बॅटरी ३७.८ व्होल्टवर होती, निम्मी भरलेली. पुढचा प्रवास दोन महिन्यांनी असल्याने ती तशीच, न भरता, कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली. महिन्यातून एकदा व्होल्ट बघायचे, ३६ च्या खाली गेले तर तासभर चार्ज करायची.